मित्रास पत्र : पाणी काढणाऱ्यांना ठाऊक होतं

सोलापूर
रविवार, रात्री

प्रिय मल्लू,

सलाम.

तुझा मेसेज वाचला. नातवाच्या बाप्तिस्म्याचे फोटो पाहून तू दोन प्रश्न टाकलेस. वाटीभर पाण्यानं माणूस ख्रिस्ती कसा होतो बे, हा एक. आणि देवाला पाणीच कशाला लागतं, तोंडानं शब्द दिला तर भागत नाही का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर थोडक्यात आहे, ते पुढं येईल. दुसरा प्रश्न मात्र तू सहज विचारलास आणि माझ्या डोक्यात आठवडाभर राहिला. मोबाइलवर टाइप करायला बसलो तर अंगठा दुखला, म्हणून कागद घेतला. शिवाय आज आमच्या गल्लीचा पाण्याचा वार. ते अडीचला येईल की चारला, हे सांगणारा अजून जन्मायचाय. जागायचंच आहे तर लिहून टाकतो.

आधी एक गोष्ट मान्य कर. बायबल हे कोरडवाहू लोकांचं पुस्तक आहे. त्यांच्या देशात पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत संपतो. मग चार-पाच महिने आभाळ कोरं. नाईलसारखी मोठी नदी नाही. यार्देन आहे, पण ती खोल खोऱ्यात, आणि माणसं राहतात वर डोंगरावर. मोशे लोकांना मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, काढून नेताना हे लपवून ठेवत नाही. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात तो सरळ सांगतो की मिसरात तुम्ही पेरून पायानं पाणी द्यायचा, भाजीच्या मळ्याला देतात तसं. आता जाताय तो मुलूख डोंगरखोऱ्यांचा आहे, आभाळातून पडेल तेच पाणी पितो. म्हणजे बघ, देवानं त्यांना कालव्याखालच्या माळशिरसातून उचललं आणि दुष्काळी सांगोल्यात नेऊन बसवलं. वर त्याला वचनदत्त देश म्हटलं! लहानपणी मला हा व्यवहार अजिबात पटायचा नाही. आता वाटतं, कालवा ज्याच्या हातात असतो तो राजा होतो, हे देवाला माहीत असावं. पावसासाठी वर बघणाऱ्या माणसाला फारोपुढं, मिसरच्या राजापुढं, वाकायचं कारण उरत नाही.

म्हणून पुण्या-मुंबईच्या चर्चमधला संदेश ऐकला की मला थोडी गंमत वाटते. पाण्याचा शास्त्रभाग वाचला की पाळक दुसऱ्याच वाक्याला ‘आत्मिक तहान’ या शब्दांवर उडी मारतात. खरी तहान अजून लागलेलीच नसते. आमच्या आईला असला उपदेश चालायचा नाही. 72च्या दुष्काळात तिनं खडी फोडली होती. एलीया संदेष्ट्याची गोष्ट वाचली जायची तेव्हा ती बाकावर अस्वस्थ व्हायची. तुला गोष्ट सांगतो. राजा अहाबाच्या काळात तीन वर्षं पाऊस नाही. ओढे आटलेत, राजा स्वतः जनावरांसाठी गवत शोधत फिरतोय. अशात एलीया कर्मेल डोंगरावर वेदी बांधतो, लाकडं रचतो आणि म्हणतो, चार घागरी पाणी ओता. ओतलं. पुन्हा ओता. पुन्हा ओतलं. तिसऱ्यांदा. बारा घागरी! वेदीभोवतीचा चर भरून गेला. मग स्वर्गातून अग्नी पडतो, आणि सगळे संदेश त्या अग्नीवर असतात. आई मात्र घरी येताना विचारायची, “बारा घागरी आणल्या कुणी?” शास्त्रात त्यांची नावं नाहीत. पण दुष्काळात जमिनीवर पाणी ओतण्याला काय छाती लागते, हे ज्यानं रांगेत कळशी ठेवलीये त्यालाच कळतं. तिथं अग्नीच्या आधी अर्पण झालं ते पाणी.

असंच दावीद राजाचं. तो लपलेला, बेथलेहेमात शत्रूचं ठाणं. त्याच्या तोंडून निघून जातं की बेथलेहेमच्या वेशीजवळच्या विहिरीचं पाणी कुणी पाजेल का. त्याचे तीन वीर छावणी फोडून जातात, पाणी शेंदतात, घेऊन येतात. आणि दावीद ते पीत नाही. परमेश्वरापुढं ओतून टाकतो. म्हणतो, हे जिवावर उदार होऊन गेलेल्यांचं रक्त आहे, मी कसं पिऊ? मला वाटायचं, त्या तिघांना केवढा राग आला असेल. आता वाटतं, नसेल आला. आपल्या खेपेची किंमत राजाला कळली, एवढंही पुष्कळांच्या नशिबी नसतं.

आणि काना गावचं लग्न तर तुलाही ठाऊक आहे, पाण्याचा द्राक्षारस झाला ते. तू त्यावरून मला कॉलेजात किती पिडलंयस! पण शुभवर्तमान लिहिणाऱ्या योहानानं त्यात तपशील काय दिलेत ते बघ. सहा दगडी रांजण, यहूद्यांच्या शुद्धीकरणाचे, म्हणजे हातपाय धुण्याच्या पाण्याचे. प्रत्येकात दोन-तीन मापं मावणारे. आजच्या हिशेबानं सगळे मिळून साधारण पाचशे ते सातशे लिटर. येशू चाकरांना म्हणतो, रांजण पाण्यानं भरा. त्यांनी ते काठोकाठ भरले. चाळीस-पंचेचाळीस घागरींच्या खेपा झाल्या असतील, आणि तेही लग्नाच्या धावपळीत. पुढं भोजनकारभारी चव घेतो, तेव्हा हा द्राक्षारस कुठला हे त्याला कळत नाही. तिथं योहान मध्येच एक वाक्य घालतो की पाणी काढणाऱ्या चाकरांना ते ठाऊक होतं. नवऱ्या मुलाला, पाहुण्यांना ठाऊक नाही. ज्यांनी खेपा घातल्या त्यांनाच. सगळ्या शुभवर्तमानात मला हे वाक्य फार आवडतं. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथंच आहे. देवानं रिकाम्या रांजणात द्राक्षारस ओतला नाही. आधी पाणी भरायला लावलं.

आता तुझी वाटी. यहूदी शास्त्रात शुद्धीकरणाच्या काही विधींना वाहतं पाणी लागायचं, झऱ्याचं किंवा नदीचं. साठवणीचं कमी दर्जाचं. पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी बाप्तिस्म्यासाठी तीच रीत धरली. ‘दिदाखे’ नावाची एक छोटी जुनी पुस्तिका आहे, पहिल्या शतकाच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला लिहिलेली. तिची हस्तलिखित प्रत 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या एका ग्रंथालयात सापडली. तिच्यात नियम दिलाय की बाप्तिस्मा वाहत्या पाण्यात द्या. वाहतं नसेल तर दुसऱ्या पाण्यात. थंड नसेल तर कोमट चालेल. तेवढंही नसेल तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं डोक्यावर तीनदा पाणी ओता. मला ही पुस्तिका फार शहाणी वाटते. लिहिणाऱ्यानं टंचाई पाहिलेली असणार. धर्माचा नियमही सांगितला आणि उन्हाळ्याची सोयही करून ठेवली.

आमचं चर्च अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतलं, म्हणून आमच्यात तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडतात. पेंटेकॉस्टवाल्यांना ते मान्य नाही. माणूस कळता झाला पाहिजे आणि अख्खा बुडाला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. माझा मावसभाऊ त्यांच्यात गेला, त्याचा बाप्तिस्मा शेतातल्या विहिरीत झाला, कमरेला दोर बांधून, कारण गड्याला पोहता येत नव्हतं. पाणी किती, यावर आमच्यात शतकानुशतकं भांडणं झालीत. पाण्यावाचून मात्र भागत नाही. नातवाच्या वेळचं उरलेलं पाणी आमच्या पाळकसाहेबांनी कुंडीत ओतलं. कॅथलिक चर्चमध्ये अशा पाण्यासाठी वेगळं कुंड असतं, त्याची मोरी गटारात न जाता थेट मातीत जाते.

वाटीभर पाण्यानं काय होतं? येशूचा प्रेषित पौल याच्या हिशेबानं माणूस मरतो. तू हसशील, पण रोमकरांस पत्रात तो तेच लिहितो की बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो आणि त्याच्याबरोबर उठलो. लोक बाप्तिस्मा म्हणजे आंघोळ समजतात, पापाचा मळ धुऊन काढायची. तेही आहेच. पण त्याच्याखाली नोहाचा जलप्रलय आहे, फारोचं सैन्य बुडालं तो तांबडा समुद्र आहे. पाणी जगवतं म्हणून पवित्र, एवढंच नाही. ते मारूही शकतं. हे मला सीना नदीनं शिकवलं. 2025च्या सप्टेंबरात माढा-मोहोळकडं जो पूर आला, त्यात वर्षभर टँकरची वाट बघणारी माणसं पत्र्यावर बसून पाणी ओसरायची वाट बघत होती. बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, उत्पत्तीच्या, पहिल्याच ओळींत खोल काळोखं पाणी आहे आणि त्यावर देवाचा आत्मा तरंगतोय. देव त्या पाण्याला बाजूला सारतो, हद्द घालून देतो, तेव्हा कुठं जमीन दिसते. पुराचं पाणी घरात शिरलेल्या माणसाला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही.

तुझ्या घरच्या गोष्टीशी जोडून एक सांगू? तुमच्या लिंगायतांच्या अष्टावरणात, त्या आठ आधारांत, पादोदक आहे, म्हणजे गुरूच्या पायाचं तीर्थ. तुझ्या आजीला स्वामींच्या पायाचं तीर्थ घेताना मी पाहिलंय, आणि त्या वेळी ती ज्या भावानं डोळे मिटायची तो भाव मला आमच्या प्रभुभोजनात फार थोड्या चेहऱ्यांवर दिसतो. आमच्याकडंही गुरू, शिष्य, पाय आणि पाणी आहे, फक्त पाणी उलट्या दिशेनं गेलंय. मरणाच्या आदल्या रात्री येशू जेवणावरून उठतो, वरचं वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुवायला लागतो. ते काम चाकराचं. पेत्र म्हणतो, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस. येशू म्हणतो, मी धुतले नाहीत तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. झालं, पेत्र लगेच म्हणतो, मग हात धू, डोकं धू! (पेत्राचं सगळंच असं. मला तो म्हणूनच जवळचा वाटतो.) त्याच पंगतीत त्याला धरून देणारा यहूदा बसलेला होता, हे लोक विसरतात. दुसऱ्या दिवशी आणखी एक माणूस पाणी मागवतो. पिलात, रोमी सुभेदार. लोकांसमोर हात धुतो आणि म्हणतो, या रक्ताबद्दल मी निर्दोष. एका रात्रीच्या अंतरानं दोघांनी पाणी हातात घेतलं. येशूनं दुसऱ्यांचे पाय धुतले, पिलातानं आपली जबाबदारी धुतली. तुमच्या सिद्धरामांना हा फरक कळला असता. सोन्नलगीत, म्हणजे आपल्या सोलापुरात, त्यांनी लोकांना कायकाला, श्रमालाच पूजा मानून कामाला, लावून तळं खोदलं, बाराव्या शतकात. देवळाभोवती गड्ड्याच्या जत्रेला आपण गेलो की मी ते पाणी बघत उभा राहायचो, तू भजी खायचास.

आता ज्या भागाबद्दल आपण कधी नीट बोललो नाही, तो. आमचं घर मूळचं गावकुसाबाहेरचं. माझी पणजी गावच्या विहिरीपाशी जायची, काठावर चढायची नाही. घागर खाली ठेवून बसायची. कुणाला दया आली तर वरून पाणी वाढायचं, अंतर राखून. ती मिशनच्या आवारात राहायला आली तेव्हा तिला त्रैक्य, तारण वगैरे काय कळलं असेल देव जाणे. विहिरीला हात लावता येतो, हे कळलं. कुणी म्हणतात, असे लोक पाण्यासाठी ख्रिस्ती झाले. म्हणू देत. योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाईसुद्धा पाण्यासाठीच आली होती. भर दुपारी, सहाव्या तासाला, म्हणजे बाराच्या उन्हात, एकटी. याकोबाच्या विहिरीवर येशू थकून बसलेला. तो म्हणतो, मला प्यायला दे. ती चकित होते. तुम्ही यहूदी असून शोमरोनी बाईकडं पाणी मागता? कारण यहूदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत, त्यांच्या भांड्याला तोंड लावणं तर दूरच. हा अध्याय मराठी माणसाला अमेरिकन माणसापेक्षा लवकर कळतो, याचं मला फारसं कौतुक वाटत नाही, पण तसं आहे. ती विहीर आजही नाब्लुसला एका चर्चच्या आत आहे, चाळीसेक मीटर खोल. बाई त्याला व्यवहाराचंच बोलते की महाराज, पोहरा नाही तुमच्याकडं आणि विहीर खोल आहे, जिवंत पाणी कुठनं देणार? तो तिला ज्या झऱ्याबद्दल सांगतो तो पुढं येतो. आधी त्यानं तिच्या भांड्यातलं पाणी मागितलं. तारणारा तहानलेला आहे आणि देणारी ती आहे. 20 मार्च 1927ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्या दिवसाचं आमच्या चर्चमध्ये कुणी नाव काढत नाही. मला वाटतं, ज्या रविवारी योहान चौथा वाचला जाईल त्या रविवारी काढावं. आणि आमचंही सांगतो, बाप्तिस्मा एकाच वाटीतून घेऊनही आमच्या कित्येक मंडळ्यांत सोयरिकीच्या वेळी जुन्या वाड्या-वस्त्या विचारल्या जातातच.

येशूनं मोठ्यानं ओरडून सांगितल्याची शास्त्रात जी मोजकी ठिकाणं आहेत, त्यात एक पाण्याचं आहे. मंडपांचा सण, पावसाळ्याच्या तोंडावरचा. त्या सणात याजक शिलोहच्या तळ्यातून पाणी आणून वेदीवर ओतायचे, पावसासाठी. ते तळं भरायचं गीहोन झऱ्यावरून. वेढ्यात झरा शत्रूच्या हाती जाऊ नये म्हणून हिज्कीया राजानं खडकातून 533 मीटरचा बोगदा खोदवला होता, दोन्ही टोकांकडून एकाच वेळी. अजून तिथून पाणी वाहतं. तर सणाच्या शेवटच्या दिवशी येशू उभा राहून ओरडतो, कोणी तान्हेला असला तर त्यानं माझ्याकडं यावं आणि प्यावं. असं म्हणणारा माणूस पुढं क्रुसावर काय म्हणतो? मला तहान लागली आहे. आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, दिला त्याला. मग भाल्यानं कूस भोसकली, तेव्हा रक्त आणि पाणी निघालं. कॅथलिक याजक प्रभुभोजनाच्या प्याल्यात द्राक्षारसासोबत पाण्याचा थेंब घालतात. आमच्यात ते नाही. असायला हरकत नव्हती.

देवाला पाणीच का, यावर माझं म्हणणं एवढं आहे की शब्द एकट्याला देता येतो, पाणी देता येत नाही. ते कुणीतरी आणलेलं असतं, कुणाच्या तरी वाट्यातून आलेलं असतं. सोलापुरात राहून हे वेगळं सांगायला नको; आपल्या नळाचं पाणी शंभर किलोमीटरहून जास्त लांबून, उजनीतून येतं, आणि उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापरायचा साठा संपला, की पेपरात आपण रोज आकडा बघतो. 117 टीएमसीचं धरण, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठ्यात. मायनसचं पाणी पिऊन आपण मे-जून काढतो. त्या पाण्यासाठी गावं उठवली गेली, शेतं बुडाली. वाटीत तेही आहेत.

आता तुझ्या शेवटच्या ओळीबद्दल. चुलतभावानं सामाईक विहिरीत दुसरी मोटार टाकली, आणि तू कोर्टात जायचं म्हणतोस. मी वकील नाही. पण इसहाकाची गोष्ट उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात आहे, ती वाच. बापानं खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीनं बुजवल्या. त्यानं उकरल्या, शिवाय खोऱ्यात एक नवी खणली. गरारच्या गुराख्यांनी भांडण काढलं, हे पाणी आमचं. त्यानं दुसरी खणली, तिच्यावरूनही भांडण. तिथून उठून तिसरी खणली, तेव्हा कुणी आडवं आलं नाही. तो भित्रा होता असं मला वाटत नाही, आणि तू विहीर सोडून दे असंही मी म्हणत नाही. तुझ्याकडं तिसरी खणायला जमीन कुठंय? बोअर पाचशे फुटांवर जाऊनही धूळ निघते, तूच सांगितलंस. पण गोष्टीच्या शेवटी त्याच गरारचा राजा आपली माणसं घेऊन त्याच्याकडं येतो, तो त्यांना जेवायला घालतो, सकाळी उठून करार होतो, आणि त्याच दिवशी चाकर सांगत येतात की पाणी लागलं. जेवण आधी झालं, हे लक्षात ठेव.

तर सातबारावर विहिरीची नोंद आणि हिस्से कसे आहेत ते काढून आण. पाण्याची पाळी वार ठरवून कागदावर घ्या, विजेच्या वेळापत्रकाप्रमाणं, म्हणजे रात्रपाळी एकाच्याच गळ्यात पडणार नाही. पुढच्या शनिवारी येत असशील तर मीही मोहोळला येतो. तुझा चुलतभाऊ माझ्या वर्गात होता, माझ्यासमोर आवाज चढवणार नाही. वहिनींना सांग, शेंगाचटणी पाठवतोय. उपासनेच्या वेळेत फोन करू नकोस, मागच्या वेळी प्रार्थना चालू असताना वाजला.

तुझा,
सुध्या